घरचंच असतं

"लई वाजतोस मुडद्या. गप की जरा."

आत्याबाई हे कुणा माणसाला बोलल्या नव्हत्या. पडद्यापलीकडं, माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर, माझी सासू आपल्या बाजरीच्या डब्याला दटावत होती. डब्याच्या तळाला वाटी घासली होती, खर्र करून, आणि तो आवाज मला ऐकू गेला असेल या भीतीनं ती डब्यावरच डाफरली. मला तो ऐकू गेलाच होता. हातातली आरी चामड्याच्या पट्टीत अर्धी रुतली होती, ती तशीच राहिली. भरल्या डब्यात वाटी बुडते तेव्हा काही ऐकू येत नाही, अर्ध्या डब्यात दाणे खाली सरकतात तेव्हा नुसता सुस्कारा येतो. बोलतो तो फक्त रिकामा डबा. इतकी वर्षं शेजारी बसून मला हे आवाज पाठ झाले होते, आणि तरी डबा खाली खाली चाललाय हे मी ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं होतं आणि आरीच्या टकटकीत मुरवून टाकलं होतं. माणसाचे कान मोठे सोयीचे असतात.

आमची खोली नगरला तोफखाना भागात, एकच, लांबट. ती मधून पडद्यानं विभागलेली. पडदा साधासुधा नाही, राजवाड्याचा. तमाशाच्या एका मोडलेल्या फडाचा अर्धा पडदा माझ्याकडं राहिला, तो मी आडव्या दांडीवर टाकला. माझ्या बाजूला दोन गुलाबी खांब, अर्धी कमान आणि एका मोराची शेपटी. आत्याबाईंच्या बाजूला नुसतं मांजरपाट, रंग पाझरून आलेले डाग पडलेलं. राजवाड्यात बसून मी तमाशातल्या बायांच्या पायांतल्या चाळांच्या पट्ट्या शिवते, शिलेदारांचे कमरपट्टे करते, राजाच्या अंगरख्याला निघालेली जर पुन्हा बसवते, आणि उरलेल्या तुकड्यांतून पर्सा करते त्या कापड बाजारातल्या एका दुकानात ठेवते. आणि राजवाड्याच्या मागं माझी सासू तीन दगडांच्या चुलीवर स्वतःपुरती भाकरी थापते. माझा स्टो पुढं, तिची चूल मागं. एका खोलीत दोन चुली असल्या की लोक विचारतात. मी सांगते, त्यांचे उपवास असतात, आज चतुर्थी, उद्या गुरुवार, परवा आणखी काही. लोकही मान डोलावतात. पंचांगात एवढे उपवास नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे. पण नळावर उभं राहून दुसऱ्याच्या चुलीत किती वाकून बघावं याची एक रीत असते, ती आमच्या आळीनं पाळली.

खरं कारण मला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. ते कारण माझ्या मांडीवर होतं. चामडं. हा शब्द आमच्या आळीत कुणी काढत नाही. पहिल्यांदा शेजारच्या दगडाबाईंनी माझ्या दारातली गुंडाळी पाहिली, नाकाला पदर लावला, आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, "रेग्झिन आनलं वाटतं." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या दिवसापासून आळीपुरतं माझं सगळं काम रेग्झिनचं झालं. पावसाळ्यात दगडाबाई म्हणायच्या, "गोजरबाई, तुमचं रेग्झिन जरा उन्हात टाका वं, वास सुटलाय." म्हशीच्या कातड्याचा वास रेग्झिनला कसा येतो हे त्यांनी विचारलं नाही. त्यांचे मालक भजनात पखवाज वाजवतात. पखवाजाच्या दोन्ही तोंडांना काय लावलेलं असतं, तेही रेग्झिनच असावं. गुरुवारी त्याला हळदकुंकू वाहतात. माझ्या पट्टीला कुणी कुंकू लावावं असं माझं म्हणणं नाही, पण घुंगरांच्या आवाजाला लोक शिट्ट्या मारतात, आणि घुंगरं ज्याच्यावर उभी असतात ते मात्र रेग्झिन, एवढं मला गमतीचं वाटतं.

मी हे काम कुणाकडून शिकले नाही. आमचे हे एका फडात कपडेपट सांभाळायचे. दसऱ्याला फड बाहेर पडायचा, उन्हाळ्यातल्या जत्रा उरकून परत यायचा, आणि हे येताना अंगाला घाम, अत्तर आणि पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास घेऊन यायचे. एका वर्षी फड मोडला. टेम्पोतून कपड्यांची ट्रंक आली, पडदा आला, माणूस आलं नाही. टेम्पोवाला म्हणाला, मागून येतील. मी ट्रंक उघडली तर वर एका चाळाची तुटलेली पट्टी होती. का कोण जाणे, मी ती उसवायला बसले. रडायचं सोडून माणूस काय काय करतं. टाका टाका सोडवत गेले आणि बघत गेले, दोरा कुठून आत जातो, कुठून वर येतो, भोक तिरकं का पाडलंय. मग तसंच परत शिवलं. ज्या बाईची ती पट्टी होती ती दुसऱ्या फडात लागली होती, तिला पोचती केली; ती बांधून नाचली आणि दुसऱ्या दिवशी पट्टी परत आली, आतल्या कडेला रक्ताचा डाग घेऊन. निरोप होता, बाई, कड चावती. त्या निरोपानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुणी गुरू करून मिळालं नसतं. बाहेरून म्हशीचं जाड, आतून मेंढीचं मऊ, आणि कड रापीनं तासून गालावर फिरवून बघायची. गालाला लागली नाही तर घोट्यालाही लागत नाही. गाल माझा अजून तसा बरा आहे, एवढ्या कामाला उपयोगी पडतो.

आणि त्याच आठवड्यात, पहिलं कोरं कातडं घरात आलं त्याच आठवड्यात, आत्याबाईंनी कोपऱ्यात तीन दगड मांडले. काही बोलल्या नाहीत. मीही काही विचारलं नाही. माती कालवून चूल सारवत होत्या, बोटं अशी हळू फिरत होती, जणू आजारी माणसाच्या कपाळावरून. मी बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, आणि समजून घेतलं. त्यांच्या दिराचा नातू काकासाहेब पाथर्डीकडच्या गावाहून वर्षाला बाजरीचं पोतं आणून टाकायचा, त्यांच्या वाट्याच्या जमिनीच्या तुकड्यातलं. त्या तेवढ्यात भागवायच्या. मी कधी भाजी केली आणि शेजारच्या पोरीच्या हातून पलीकडं सरकवली तर संध्याकाळी ती दारातल्या गाईपुढं दिसायची. मला राग यायचा. मग मी हात राखेनं घासायची, लिंबाच्या सालीनं घासायची, आणि हात नाकाशी नेऊन हुंगायची. वास जायचा नाही. मला तर तो आता माझाच वाटायला लागला होता. पावसात भिजलेल्या वहाणेसारखा, थोडा गोड. एखादीला स्वतःचा वास आवडावा आणि त्याच वासापायी घरातलं माणूस तिच्या हातचं खाऊ नये, हे मी पुष्कळ रात्री उलटून पालटून पाहिलं. मग ठरवलं की जातीनं चालत आलेलं असतं ते, म्हातारपणी जात नाही. बाकी माणूस वाईट नव्हतं. कॉलेजातल्या एक बाई पर्स घ्यायला आल्या होत्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुम्ही आर्टिस्ट आहात. त्या गेल्यावर पडद्यामागून आवाज आला, "ती बाई म्हनली तू आरतीस हायेस. कंच्या देवाच्या?" मी म्हटलं, "म्हसोबाच्या." त्यावर आम्ही दोघी आपापल्या बाजूला हसलो. पडदा मध्ये असला की हसणं बरं जातं.

यंदा गावाकडं काही पिकलंच नाही. काकासाहेब आला तो रिकाम्या हातानं, तळहाताला फोड आलेले. तो आणि त्याची बायको खडी फोडायच्या कामावर जात होते. चहा प्याला, कपबशीकडं बघत बसला, आणि जाताना उंबऱ्यात म्हणाला, "आजे, औंदा गावाकडं नगं येऊस. पानी बी न्हाई." आत्याबाई म्हणाल्या, "मला काय कमी हाय हितं?" मी आरी चालवत होते. त्या दिवशीच मी डब्याकडं बघायला हवं होतं. रेशनवर लाल मिलो मिळत होती, परदेशातून आलेली ज्वारी, तीच मी आणत होते, तिची भाकरी थापली की कडेनं फाटायची आणि खाल्ली की घशात पाय रोवून बसायची. चोरून त्यांच्या डब्यात ओतावी असं मनात आलं होतं. पण बाजरीत मिलो लपत नाही, रंगच सांगतो.

तर ती वाटी वाजली तेव्हा मला हे सगळं एकदम आठवलं असं नाही. मला आधी आठवली त्यांची पाठ. सकाळी नळावरून येताना त्या भिंतीला धरून आल्या होत्या आणि लुगड्याच्या आत पाठ अशी दिसली होती, जशी खुंटीला टांगलेली रिकामी बंडी. मी म्हटलं होतं, पाय दुखतोय का. त्या म्हणाल्या होत्या, व्हय, पायच.

दुपारी अजीजभाई आले. पूर्वी आमच्या यांच्या फडात ढोलकी वाजवायचे, आता दुसऱ्या फडात वाजवतात, आणि नगरला आले की माझ्याकडचं काम घेऊन जातात. बसले, चाळ उचलून तळहातावर आपटून ऐकला, एक घुंगरू बोटानं फिरवून म्हणाले, "हे जरा मुकं हाय, पन चालंल. एका पायात एक मुकं असावं." त्यांचा आवाज ऐकला की आत्याबाई नेहमी पडदा बाजूला करून येतात, खांबाला टेकून उभं राहिल्यासारख्या त्या रंगवलेल्या खांबापाशी उभ्या राहतात आणि एकच विचारतात.

"समदं बरं हाय का तिकडं?"

"बरं हाय आजी."

एवढंच. तिकडं म्हणजे कुठं, ते त्या विचारत नाहीत. अजीजभाई सांगत नाहीत. मीही त्या वेळी नेमका दोऱ्याला मेण लावत असते. वर्षातून दोनतीनदा आम्ही तिघं हा खेळ न चुकता करत आलो होतो. त्या दिवशीही झाला. मग अजीजभाई उठले, परत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अजून एक काम हुतं गोजरबाई. कात्रीला म्यान करून पायजे. कापडं बेतायची मोठी कात्री हाय, पिशवीत टोचती."

"कमरेला बांधायचं?"

"व्हय. डाव्या अंगाला."

"डाव्या?" मी विचारलं. धंद्याचा प्रश्न होता, दुसरं काही मनात नव्हतं. कात्री डाव्या अंगाला कुणी बांधत नाही.

"डावखुरा हाय मानूस," अजीजभाई म्हणाले, आणि टोपीत बघायला लागले.

डाव्या हातानं कापड कापणारा कपडेपटवाला या जिल्ह्यात मी एकच पाहिला आहे, आणि त्याच्याशी माझं लग्न झालेलं आहे. माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. म्यानाला झाकण कुठल्या बाजूला उघडायचं, बंद किती लांब लागेल. कमरेचं माप विचारावं का, की मला माहीत असलेलं माप अजून तेच असेल. माणूस सुटलं असेल, की वाळलं असेल. हा विचार मी दुःखानं करत नव्हते, मापानं करत होते, आणि मापाचा विचार करताना माणूस बरंच सुरक्षित असतं. तेवढ्यात आत्याबाईंचा आवाज आला. नेहमीच्या प्रश्नाच्या पुढचा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला.

"जेवतो का नीट?"

अजीजभाईंना बरं वाटलं असावं. कुठलाही प्रश्न आला असता, त्यातला हा सोपा होता. ते मनापासून म्हणाले, "जेवतो की आजी. त्याची काळजीच नगं. घरचंच असतं."

शब्द बाहेर पडल्यावर त्यांना तो ऐकू आला. फडावरच्या माणसाला घरचं कुठून येतं. राहुटीत एका मोठ्या पातेल्यात सगळ्यांचं शिजतं, नाहीतर ज्या गावात खेळ त्या गावातलं येतं. घरचं जेवायला घर लागतं, त्या घरात कुणी थापणारं लागतं. अजीजभाईंनी टोपी डोक्यावर घातली, चाळ पिशवीत टाकला, मी चहाचं म्हटलं तर म्हणाले, मोटार चुकंल. त्यांची मोटार संध्याकाळची होती. आत्याबाई खांबापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग पडदा पडला. आपल्याकडं नाटकात पडदा पडला की लोक उठून जातात. मी बसून राहिले आणि नवी पट्टी पुढ्यात ओढली.

दुपारभर मी त्या एका शब्दाशी बसले होते. घरचं. आमच्याकडं घरचं म्हणजे मिलो. तिकडं काय असेल. मेथी असेल, लसणाची चटणी असेल. यांना भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खायची सवय. तिथं कुणी हसत असेल त्यावर, की आता सवय झाली असेल. मला वाटलं होतं कधीतरी कळेल तेव्हा काहीतरी तुटेल, कमरेत उसण भरल्यासारखं. तसं झालं नाही. उलट एक जुनी चुकीची शिवण सापडल्यासारखं वाटलं, जी हाताला सारखी लागत होती आणि डोळ्याला दिसत नव्हती. वाईट वाटलं ते वेगळ्याचंच. तो तिकडं कुणाच्या तरी हातचं खातो, आणि इथं त्याची आई माझ्या हातचं खात नाही. एका चामड्यापायी.

सांजेला पलीकडं धूर झाला. चूल पेटली होती. डबा वाजलेला मी ऐकला होता, तरी चूल पेटली होती. मी स्टोवर दोन भाकऱ्या टाकल्या, वाटीत आमटी घेतली, हात राखेनं घासले, आणि पडदा उचलून पलीकडं गेले. इतक्या वर्षांत मी तिकडं झाडायलासुद्धा गेले नव्हते, ते त्यांचं त्या झाडायच्या. चुलीवर पातेलं होतं, वर झाकण. मी झाकण काढलं. नुसतं पाणी, रटारटा उकळत होतं.

"आज गुरुवार हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"आज मंगळवार आहे आत्याबाई."

"असंल. मंगळवारचा बी असतो."

मी खाली बसले. ताट मध्ये ठेवलं. आळीनं, मी, सगळ्यांनी जो शब्द टाळला तो आता काढायचा असं मी धरून आले होते. "माझे हात चामड्याचे आहेत," मी म्हणाले. "रेग्झिन नाही, चामडं. म्हशीचं असतं, मेंढीचं असतं. मला ठाऊक आहे तुम्हांला चालत नाही. पण दुष्काळात चालवून घेतात. ताट तुम्ही हातानं वाढून घ्या, मी बाजूला होते."

शब्द पडला आणि काहीच फुटलं नाही. आत्याबाई माझ्याकडं अशा बघत राहिल्या की जणू मी दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतेय.

"चामड्याचं काय गं?" त्या म्हणाल्या. "माजा बाप मोटंला ठिगळ सवता लावायचा. त्या मोटंचं पानी पिऊन वाढले मी. चामड्याचा वास आला की मला बापाची याद येती."

"मग ही चूल?"

त्यांनी पातेल्यावर झाकण परत ठेवलं. नीट, मध्यावर. "नेम हाय माजा. ट्रंक आली आन् त्यो आला न्हाई, तवा मढीला कानिफनाथाला बोलले हुते. सूर्यभान येऊन पाटावर बसंल, तवा त्याच्या संगं तुज्या हातचं जेवीन. तवर या घरचं खायचं न्हाई."

मी हसले की काय, मला कळलं नाही. तोंडातून काहीतरी निघालं. इतकी वर्षं मी हात हुंगत होते. "मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"सांगितलं असतं, तर तू बी वाट बघत बसली असतीस. तुजं काम चाललं हुतं बरं."

चुलीतलं लाकूड मी मागं ओढलं. पाणी उकळायचं थांबलं. पडद्याच्या या बाजूला राजवाडा नव्हताच, नुसते ओघळ होते, खांब कुठला आणि मोर कुठला ते ओळखू येत नव्हतं. मी म्हटलं, "दुपारी तुम्ही ऐकलंत ना?"

"बहिरी न्हाई मी."

"मग नेम मोडा."

"मोडता येतू," त्या म्हणाल्या. आवाज अगदी व्यवहाराचा होता, बाजारात घासाघीस करताना असतो तसा. "पन गुपचूप न्हाई मोडत. का मोडला ते देवाला मोठ्यांदा सांगाया लागतं. मनातल्या मनात केलेलं त्याला पोचत न्हाई." मग ताटाकडं बघून, "आई हाय मी गोजर. माज्या तोंडातून न्हाई निगायचं त्ये. तू सांग."

त्या उठल्या, भिंतीला धरून, मढी ज्या अंगाला आहे तिकडं तोंड करून परत बसल्या. पदर डोक्यावर सारखा केला आणि हात जोडले. मी शेजारी बसले. गुडघ्याला गुडघा लागला, हाड हाडाला लागावं तसा. लग्नाच्या पंगतीत घास देताना एकदा घेतलं होतं यांचं नाव, पुढं घ्यायची वेळ आली नाही, 'हे' म्हटलं की भागायचं. आत्याबाई थांबल्या होत्या. भाकरी गार होत होती.

मी मोठ्यानं म्हणाले, "सूर्यभान येणार नाही."